मज्जारज्जूवरचा दाब आणि लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठी: ऑपरेशनला सामोरं जाताना घरच्यांसाठी मार्गदर्शक

न्यूरोसर्जनच्या खोलीतून बाहेर आलेल्या नातेवाइकांना विचारा, काय म्हणाले डॉक्टर? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: ‘ऑपरेशन करावं लागेल म्हणाले.’ कशासाठी, हे मात्र क्वचितच कुणाला सांगता येतं. आणि खरं म्हणजे पुढचं सगळं त्या ‘कशासाठी’वरच ठरतं.

मेंदू आणि मज्जारज्जूच्या ऑपरेशनमागचे हेतू मोजकेच असतात. दाब काढणं, मेंदूतल्या पाण्याची तुंबलेली वाट मोकळी करणं, गाठीचा तुकडा तपासायला घेणं, गाठ शक्य तेवढी काढणं, आणि डळमळीत झालेला मणका पक्का करणं. एकाच ऑपरेशनात यातले दोन-तीन हेतू साधता येतात, पण प्रत्येकाची घाई वेगळी आणि धोकाही वेगळा. मणक्यात पसरलेल्या कॅन्सरचा पेशंट ऑपरेशननंतर स्वतःच्या पायांवर उभा राहिला तर ते ऑपरेशन यशस्वी, मग कॅन्सर शरीरात असला तरी. डोक्याच्या मागच्या भागातल्या लहान मेंदूतली साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली, गाठ पूर्ण निघाली तर मूल कायमचं बरं होऊ शकतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: हे ऑपरेशन नेमकं काय साधण्यासाठी आहे, आणि काय त्यातून साधणार नाही?

नस दबणं वेगळं, मज्जारज्जू दबणं वेगळं

मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली सुट्या नसांचा झुबका असतो. त्यामुळे कमरेची गादी सरकली तर सहसा एखादी नस दबते आणि पायात कळ जाते. मानेत किंवा पाठीत दाब आला तर खुद्द मज्जारज्जू चेपला जातो आणि चित्र पार बदलतं.

पहिला घोटाळा इथेच होतो. नस दबली की दुखतं, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. मज्जारज्जू हळूहळू दबताना कित्येकदा दुखतच नाही. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागतो, अक्षर बिघडतं, हातातून मोबाइल निसटतो, नाणी मोजताना बोटं अडखळतात. पाय जड आणि ताठ वाटतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. मान पुढे वाकवली की पाठीतून विजेचा झटका उतरल्यासारखं वाटतं. डायबेटिस असेल तर हे सगळं ‘शुगरमुळे मुंग्या येतात’ या खात्यात जमा होतं आणि महिने निघून जातात.

घरी करता येण्याजोगी एक सोपी चाचणी आहे. हात पुढे करून १० सेकंदांत मूठ पूर्ण मिटायची आणि पूर्ण उघडायची. निरोगी माणसाला हे साधारण २० वेळा किंवा जास्त जमतं. आकडा बराच कमी भरत असेल, किंवा मूठ उघडताना करंगळीकडची बोटं मागे राहत असतील, तर मानेचा एमआरआय करायला हवा का, हे डॉक्टरांना विचारा. मात्र चाचणी नीट जमली म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि नाही जमली म्हणून घाबरून जाऊ नका. ती फक्त एक खूण आहे.

थांबायचं नाही, अशी लक्षणं

लघवी तुंबली किंवा कळत नकळत होऊ लागली, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पायांतली ताकद तासांच्या किंवा दिवसांच्या हिशोबात कमी होऊ लागली, तर ओपीडीची वेळ बघत बसू नका. सरळ अपघात विभागात जा. पूर्वी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची पाठ नव्याने दुखू लागली, आणि ते दुखणं आडवं झाल्यावर किंवा रात्री वाढत असेल, तर पायात कमजोरी येण्याची वाट पाहू नका. ताप, पाठदुखी आणि कमजोरी एकत्र आली तर मणक्याच्या पोकळीत पू झालेला असू शकतो. तिथे एक रात्रसुद्धा महागात पडते.

या काळात मालीश, मणका ‘बसवणं’, वजन लावून ताणणं यातलं काहीही नको. अपघात झालेल्या माणसाला उठवून बसवू नका. डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून, चार-पाच जणांनी मिळून एकाच वेळी कुशीवर वळवायचं असतं.

दवाखान्याच्या वाटेवर एक काम जरूर करा. शेवटचं स्वतःच्या पायांनी कधी चालला, शेवटची लघवी नीट कधी झाली, दोन्हींची वेळ कागदावर लिहा. सर्जनचा निर्णय बराचसा या दोन वेळांवर ठरतो, आणि घाबरलेल्या माणसाला त्या नेमक्या तेव्हाच आठवत नाहीत.

तपासणी आणि स्टिरॉइड

निदान एमआरआयवरच होतं. साध्या एक्स-रेमध्ये मज्जारज्जू दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्याने समाधान मानू नका. कॅन्सरचा संशय असेल तर संपूर्ण पाठीच्या कण्याचा एमआरआय हवा, कारण दाब एकाहून जास्त ठिकाणी असू शकतो. हाडाची अवस्था पाहायला आणि स्क्रूची आखणी करायला सीटी स्कॅन लागतो. पेसमेकर, ऐकू येण्यासाठी कानात रोपण केलेलं यंत्र, शरीरातली धातूची क्लिप यांची कल्पना आधीच द्या.

कॅन्सरमुळे दाब आला असेल तर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड लगेच सुरू करतात. त्याने सूज उतरते आणि थोडा अवधी मिळतो. पण पुढे शुगर वाढते, जखम भरायला वेळ लागतो. शिवाय लिम्फोमासारख्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) गाठी स्टिरॉइडने इतक्या वितळतात की तुकडा तपासूनही निदान हाती लागत नाही. म्हणून हे औषध घरच्या घरी, कुणाच्या तरी सल्ल्याने सुरू करू नये.

कुणाला ऑपरेशन, कुणाला नाही

दबलेला मज्जारज्जू दिसला की ऑपरेशन, असं सरसकट नसतं. मणक्याचा टीबी बहुतेकांमध्ये औषधांनी बरा होतो. पायातली ताकद जात असेल, औषधं चालू असूनही बिघाड वाढत असेल किंवा मणका कोसळत असेल, तेव्हा सर्जन पुढे येतो. लिम्फोमा आणि मायलोमा (अस्थिमज्जेतला कॅन्सर) किरणोपचारांना चांगली दाद देतात, त्यामुळे मणका स्थिर असेल तर अनेकदा चाकू लागतच नाही. मज्जारज्जूच्या बाहेरून दाबणाऱ्या मेनिन्जिओमा आणि श्वानोमा या गाठी बहुधा साध्या असतात आणि पूर्ण काढता येतात.

मणक्यात पसरलेल्या कॅन्सरबद्दल जुनी समजूत होती की ऑपरेशनने फारसा फरक पडत नाही, किरणोपचार पुरेत. रॉय पॅचेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि ती समजूत मागे पडली. ऑपरेशन अधिक किरणोपचार घेतलेल्यांपैकी ८४ टक्के लोक उपचारांनंतर चालू शकत होते, नुसते किरणोपचार घेतलेल्यांपैकी ५७ टक्के. चालण्याची क्षमता टिकली तीही ऑपरेशनच्या गटात मध्यम हिशोबाने १२२ दिवस, नुसत्या किरणोपचारांच्या गटात १३. हे आकडे सगळ्यांना लागू करू नका, कारण त्या अभ्यासातल्या रुग्णांना एकाच भागात दाब होता, किमान ३ महिने आयुष्य अपेक्षित होतं आणि पाय पूर्ण जाऊन ४८ तासांहून जास्त काळ लोटलेला नव्हता. शेवटची अट नीट लक्षात घ्या. ऑपरेशन गेलेली ताकद परत आणेल याची हमी कुणी देत नाही. ते मुख्यतः उरलेली ताकद वाचवतं. चालत आलेला पेशंट चालत घरी जाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

झिजेमुळे मानेत दाब आला असेल तर १८ गुणांच्या एका मोजपट्टीवर हात, पाय, संवेदना आणि लघवी यांची अवस्था मोजतात. १८ म्हणजे सगळं ठीक. १५ ते १७ सौम्य, १२ ते १४ मध्यम, त्याखाली तीव्र. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मध्यम आणि तीव्र गटाला ऑपरेशनचा सल्ला देतात. सौम्य गटात ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम, दोन्ही मार्ग खुले आहेत, मात्र बिघाड दिसला की ऑपरेशन. आपल्या माणसाचे गुण किती ते विचारून लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ‘बरं वाटतंय की नाही’ या वादात हा आकडा उपयोगी पडतो.

ऑपरेशन आणि त्यानंतरचे दिवस

मानेत पुढून जायचं की मागून, हे दाब कुठून आहे, किती मणक्यांत आहे आणि मानेचा बाक कसा आहे यावर ठरतं. पुढून गेले तर गादी किंवा मणक्याचा भाग काढून तिथे हाड किंवा पिंजऱ्यासारखा आधार आणि पट्टी बसवतात. मागून गेले तर मणक्याची मागची कमान काढतात, किंवा ती दारासारखी उघडून ठेवतात. स्क्रू-रॉड लागतात ते मणका डळमळीत असेल किंवा ऑपरेशनमुळे होणार असेल तेव्हा. हाडं जुळून यायची असतील तर तंबाखू आणि सिगारेट बंद. यावर सर्जनशी घासाघीस करण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी नातेवाइकांनी काय पाहायचं? मानेत पुढून ऑपरेशन झालं असेल आणि मान सुजत असेल, आवाज बदलत असेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर त्याच क्षणी हाक मारा. आत रक्त साचून श्वासनलिका दबत असेल तर मिनिटं मोलाची असतात. जखमेतून पाण्यासारखं स्वच्छ द्रव येणं किंवा उभं राहिल्यावर डोकं फुटल्यागत दुखणं म्हणजे मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपत असण्याची शक्यता. मानेच्या ऑपरेशननंतर काही दिवसांनी खांदा उचलता न येणं ही ओळखीची गुंतागुंत आहे. बहुतेकांचा हात काही महिन्यांत सुधारतो, पण ते डॉक्टरांना कळलं पाहिजे. पिंढरी सुजली तर तेही लगेच डॉक्टरांना सांगा. पायात संवेदना नसेल तर दर दोन तासांनी कूस बदलणं हे नर्सइतकंच घरच्यांचंही काम आहे. चांगलं झालेलं ऑपरेशन पाठीवरच्या एका जखमेपायी महिनाभर मागे जातं.

मुलांच्या मेंदूतली गाठ: शंका कधी घ्यायची

लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये रक्ताच्या कॅन्सरखालोखाल मेंदूच्या गाठी येतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा डोक्याच्या मागच्या खालच्या भागात, लहान मेंदूपाशी असतात. त्या जागेतून मेंदूतल्या पाण्याची वाट जाते. गाठ वाढली की पाणी तुंबतं आणि डोक्यातला दाब वाढतो.

सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, मग दिवसभर मूल बरं. असं आठवड्यामागून आठवडे चाललं तर पोट तपासत बसू नये. तोल जाणं, नव्याने आलेला तिरळेपणा, मान एका बाजूला धरणं, नजर कमी होणं, वारंवार तहान आणि लघवी, उंची थांबणं किंवा वयात फार लवकर येणं, हीही लक्षणं. तान्ह्या बाळात कवटीचे सांधे उघडे असल्याने डोकं मोठं होत जातं, टाळू फुगते आणि डोळे खाली झुकल्यासारखे दिसतात. यातलं एकेक लक्षण बहुतेक वेळा किरकोळ कारणानेच असतं. दोन-तीन एकत्र आली किंवा ती टिकून राहिली, तर स्कॅनचा आग्रह धरा. आईबापाने आग्रह धरला म्हणून एखादा स्कॅन जास्त झाला, तर काही बिघडत नाही.

मुलाच्या पाठीकडेही लक्ष असू द्या. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी किंवा कण्याला नव्याने आलेला बाक यामागे मज्जारज्जूवरची गाठ असू शकते. तिथे उपचारांचा क्रमही वेगळा असतो. न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांत होणाऱ्या कॅन्सरने दाब आला असेल तर बऱ्याचदा आधी किमो देतात, कारण वाढत्या वयात मणक्याच्या कमानी काढल्या तर पुढे कुबड येऊ शकतं.

आधी पाणी, मग गाठ

दाखल झाल्यावर स्टिरॉइड सुरू होतं आणि एमआरआय होतो. लहान मुलांना त्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते. मेडुलोब्लास्टोमासारखी (लहान मेंदूतल्या कॅन्सरची) गाठ पाण्यावाटे मज्जारज्जूवर पसरू शकते, म्हणून कण्याचा एमआरआय शक्यतो ऑपरेशनच्या आधीच व्हावा. नंतर साचलेलं रक्त गाठीसारखं दिसून घोळ होतो.

पाणी फार तुंबलं असेल तर आधी त्याची वाट करावी लागते. कधी बाहेर पिशवीत जाणारी नळी घालतात, कधी दुर्बिणीने मेंदूतल्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून नवी वाट काढतात. अनेकदा गाठ काढली की वाट आपोआप मोकळी होते. तरीही काही मुलांना नंतर शंट, म्हणजे मेंदूतलं पाणी पोटात उतरवणारी कायमची नळी, लागतो.

बाहेरची नळी असेल तर एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. नळीच्या चेंबरची उंची मुलाच्या कानाच्या पातळीवरून मोजून लावलेली असते. तुम्ही मायेने उशी वर केली, कॉट उचलली किंवा मुलाला उठवून बसवलं, की डोकं वर जातं आणि पाणी भसाभस वाहून जातं. उलट डोकं खाली गेलं तर पाणी वाहणंच थांबतं. मुलाला हलवण्याआधी नर्सला बोलवा. ती नळी बंद करेल, पातळी पुन्हा लावेल, मग नळी उघडेल. आणि ती पुन्हा उघडली गेली ना, हे आपणही पाहायचं.

उपाशी ठेवण्याची वेळ लेखी घ्या. सर्वसाधारणपणे घन पदार्थ ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी १ ते २ तास. मध्यरात्रीपासून तहानलेलं ठेवायची गरज नसते.

किती काढायचं

हा निर्णय गाठीच्या जातीवर ठरतो, सर्जनच्या हिमतीवर नाही. लहान मेंदूतला पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा पूर्ण निघाला तर बहुधा पुढे ना किमो लागते ना किरणोपचार. एपेन्डायमोमामध्ये गाठ किती निघाली यावर भवितव्य फार अवलंबून असतं, म्हणून उरलेल्या तुकड्यासाठी दुसरं ऑपरेशनही करतात. मेडुलोब्लास्टोमामध्ये उरलेला भाग दीड चौरस सेंटिमीटरहून कमी ठेवण्याचा प्रयत्न असतो. पण ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या देठाला, चिकटलेला शेवटचा कण खरवडून काढण्यात शहाणपण नाही, कारण श्वास, गिळणं आणि शुद्ध यांचा कारभार तिथून चालतो. जर्मिनोमा रक्तातल्या आणि पाण्यातल्या तपासण्यांवरून किंवा छोट्या तुकड्यावरून ओळखतात, आणि तो किमो व किरणोपचारांनी बरा होतो. ब्रेनस्टेममध्ये पसरलेली ग्लायोमा काढताच येत नाही. तिथे फार तर तुकडा घेतात. क्रेनिओफॅरिन्जिओमा हट्टाने पूर्ण काढला तर मुलाला न आवरणारी भूक आणि लठ्ठपणा जन्मभर सोबत करू शकतो. ‘सगळं काढलं ना?’ हा प्रश्न म्हणून अपुरा आहे. काय राहिलं, आणि ते का ठेवलं, हे विचारा.

ऑपरेशन मुलाला पालथं झोपवून, मायक्रोस्कोपखाली, कित्येक तास चालतं. अगदी लहान मुलांची कवटी पातळ असल्याने डोकं पिनांनी न जखडता नालाच्या आकाराच्या गादीवर ठेवतात. भूलतज्ज्ञाची मोठी काळजी रक्ताची. १० किलोच्या मुलाच्या शरीरात जेमतेम ८०० मिलिलिटर रक्त असतं. मोठ्या माणसात दुर्लक्ष करण्याजोगा रक्तस्राव इथे जिवावर बेततो. रक्ताची सोय आधीच करून ठेवायला सांगतात ती यासाठी, टाळाटाळ करू नका.

शुद्धीवर आल्यानंतर

गाठ किती उरली हे पाहणारा एमआरआय शक्यतो ४८ ते ७२ तासांत व्हावा. त्यानंतर जखमेतले बदल गाठीसारखे दिसू लागतात. मूल गिळू शकतं का हे तपासल्याशिवाय चमचाभर पाणीही पाजू नका. गिळण्याच्या नसा दुखावल्या असतील तर ते फुप्फुसात जातं.

आईवडिलांना सर्वांत जास्त हादरवणारी गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण ती नेहमी सांगितली जातेच असं नाही. शुद्धीवर येऊन दोन शब्द बोललेलं मूल एक-दोन दिवसांनी अचानक गप्प होतं. बोलत नाही, नजर देत नाही, सतत रडतं, अंग सैल पडतं. मेडुलोब्लास्टोमाच्या ऑपरेशननंतर साधारण चारांतल्या एका मुलात हे दिसतं. मूल रुसलेलं नसतं आणि नाटकही करत नसतं. आवाज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो, सुरुवातीला अडखळत. काहींच्या बोलण्यात आणि तोल सांभाळण्यात थोडी उणीव राहते. त्या काळात त्याच्याशी नेहमीसारखं बोलत राहा, आणि वाचा-उपचार लवकर सुरू करा.

तुकड्याचा रिपोर्ट दोन टप्प्यांत येतो. आधी गाठीची जात, मग जनुकीय तपासणी. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानंतर दुसऱ्या टप्प्याशिवाय मेडुलोब्लास्टोमाचं निदान पूर्ण मानत नाहीत. त्याचे उपगट वेगळे आणि त्यांचं भवितव्यही वेगळं. पाठीतून पाणी काढून त्यात गाठीच्या पेशी आहेत का हे पाहणं साधारण दोन आठवड्यांनी होतं. किरणोपचार लागणार असतील तर ते बहुधा ४ ते ६ आठवड्यांत सुरू व्हायला हवेत. जखम भरते आहे म्हणून आरामात बसण्याचा हा काळ नाही. साधारण तीन वर्षांखालच्या मुलांमध्ये मात्र वाढत्या मेंदूला जपण्यासाठी पूर्ण मेंदू आणि कण्याचे किरणोपचार टाळण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा प्रयत्न करतात.

घरी गेल्यावर

शंट असलेलं मूल उलट्या करतंय, पेंगुळतंय, डोकं दुखतंय म्हणतंय, तर शंट बंद पडला नाही हे सिद्ध होईपर्यंत तो बंद पडला असंच समजायचं. ताप आणि शंटच्या मार्गावर लाली असेल तर जंतुसंसर्ग. पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन्सच्या ग्रंथीजवळचं ऑपरेशन झालेल्या मुलाची स्टिरॉइडची गोळी कधीही चुकवायची नाही. ताप-उलटीत डोस किती वाढवायचा आणि इंजेक्शन कधी द्यायचं, हे डिस्चार्जच्या वेळी लेखी घ्या. लघवी अचानक भरमसाट होऊ लागली तर सोडियम तपासा.

ऐकू येणं, नजर, हार्मोन्स, उंची आणि अभ्यासातला वेग यांची तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते. शाळेला आधीच कल्पना द्या: मूल हुशार असूनही लिहायला वेळ घेईल, लवकर थकेल.

एक फाइल करा. त्यात ऑपरेशनची टिपणी, दोन्ही रिपोर्ट, एमआरआयच्या सीडी, शंटचा प्रकार आणि सेटिंग लिहिलेलं कार्ड, किरणोपचारांचा एकूण डोस. काही शंटचं सेटिंग एमआरआयच्या चुंबकाने बदलतं, म्हणून स्कॅननंतर ते तपासून घेतलं का, हे विचारल्याशिवाय तिथून निघू नका. गाठीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, कुठल्या लॅबमध्ये आणि कोणत्या नंबरने ठेवला आहे तेही लिहा. गाठ पुन्हा उगवली आणि एखादं नवं औषध लागू पडतं का पाहायचं झालं, तर सर्वांत आधी तोच ब्लॉक मागतात.